मोटारीमागची खोली

आमचे घरमालक अप्पा नव्या माणसाशी बोलण्यापूर्वी डोळे बारीक करून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत. समोरच्याला वाटे, कुठं पाहिलंय ते आठवतायत. खरं म्हणजे ते त्याचं वजन करत असत. रत्नागिरीच्या शाळेत मास्तर म्हणून लागल्यावर मी खोली बघायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही, गोत्र विचारलं नाही, पगारही विचारला नाही. मला असं न्याहाळून झाल्यावर म्हणाले, "पोटाचं काही दुखणं आहे का? तुमच्या उंचीला हे वजन कमी पडतं." मी नाही म्हटलं. "मग भरेल हळूहळू," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. माझ्या वजनात त्यांना पुढे फार रस वाटणार आहे, हे मला त्या दिवशी कुठून कळावं?

अप्पा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. सगळी नोकरी जिल्ह्यातल्या रस्त्यांवर आणि मोऱ्यांवर गेली. रस्त्याच्या कडेला छत्री घेऊन उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघायच्या, असं आयुष्य काढल्यावर माणसाचं काहीतरी मत होणारच. अप्पांचं झालं, आणि पेन्शन घेताना ते मतही त्यांनी घरी आणलं. जगातले बहुतेक अपघात जोडी चुकल्यामुळे होतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

"चढाला काय हो, बैल गुडघे टेकेल, लोक धावतील, ढकलतील," ते मला सांगत. "भीती उताराची. ओढणारा हलका आणि मागचं जड असलं, की उतारावर मागचं पुढच्याला ढकलायला लागतं. मग ब्रह्मदेव येऊन बसला तरी गाडी त्याचं ऐकत नाही. लग्नात पत्रिका बघतात मेले! गाडी-बैलाची कोण बघतो?"

ती बघायचं काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. बाजाराच्या दिवशी रस्त्यात उभे राहून ते भरलेल्या बैलगाड्या थांबवत. "अरे, पोती पुढं घे. मागं भार झालाय. गाडी उलाळली की जू बैलाच्या मानेवरून वर उठेल, मग गाडी बैलाला नाचवील." गाडीवान पोती पुढं घेत, कारण त्याशिवाय अप्पा बाजूला होत नसत. काही दिवसांनी मी पाहिलं, की बाजाराच्या दिवशी आमच्या घरावरून गाड्याच जात नाहीत. सगळ्या मागच्या गल्लीतून वळसा घालून जात होत्या.

भाट्याच्या खाडीवरची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, हे त्यांचं दुसरं कार्यक्षेत्र. होडीत कोणी कुठं बसायचं ते अप्पा ठरवत. एकदा त्यांनी एका नव्या नवरीला नवऱ्याजवळून उठवून दुसऱ्या टोकाला एका मच्छीवालीशेजारी नेऊन बसवलं आणि नवऱ्याच्या शेजारी खोताच्या भरभक्कम कारभाऱ्याला आणलं. नवरी रडकुंडीला आली. मच्छीवालीनं तिला पोटाशी धरून सांगितलं, "गप ऱ्हा गो बाय. पलीकडं उतरल्याव परत देतील तुज्या घोवाला." तरवाले मात्र अप्पांना काही बोलत नसत. त्यांनी माणसं बसवली की होडी सरळ चाले, हे त्यांना कबूल करावं लागे.

काकू, म्हणजे अप्पांची बायको, या सगळ्यावर अंथरुणात पडल्या पडल्या हसत. विहिरीच्या निसरड्या पायरीवरून पडून त्यांचा पाठीचा मणका दुखावला होता. घटकाभर बसलं तरी कळ यायची. आडवं पडूनच दिवस काढायचा, आणि रात्री कळांनी डोळ्याला डोळा लागायचा नाही. त्यांना झोप नाही म्हणून अप्पांनाही नाही. भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं मला ऐकू येई. ते बहुतेक काकूंच्या सावर्ड्याच्या माहेराबद्दल असे.

"मास्तर," काकू एकदा मला म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा हे माझ्याकडे इतका वेळ टक लावून बघत होते, की मला वाटलं, फारच आवडल्ये वाटतं. ते काय चाललेलं होतं, ते लग्नानंतर कळलं."

"आवडली नव्हतीस असं कोण म्हणालं?" अप्पा ओसरीवरून म्हणाले.

"पण आधी वजन केलंत ना?"

"केलं," अप्पा म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

सावर्ड्याहून काकूंचे भाऊ, दादा, येऊन गेले, तिथून ही गोष्ट सुरू झाली. दादांच्या मुलाची वैशाखात मुंज ठरली होती. एकुलता भाऊ, एकुलता भाचा आणि आत्या ती एवढीच. दादा बोलावून गेले खरे, पण त्यांचा आवाज बोलावण्याचा नव्हता, क्षमा मागितल्यासारखा होता. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या फळीवर काकूंना बसवणार कसं? बैलगाडीचे धक्के तर निरोग्याचा मणका मोडतील. डोली करावी, तर कडक उन्हात दिवसचे दिवस ती आडव्या माणसाला घेऊन चालणार. दादा गेल्यावर काकू रडल्या नाहीत. "सावर्डं आता मला काशीपेक्षा लांब झालं," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे कूस वळवली. अप्पा तिथंच उभे होते. त्यांनी डोळे बारीक केले आणि बायकोच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिले.

मग एक दिवस बदली होऊन जाणाऱ्या कुठल्याशा साहेबाची जुनी मोटार आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. अप्पांनी मला एका विलायती मासिकातलं चित्र दाखवलं. मोटारीला मागं एक पांढरं घर जोडलेलं, घराला खिडकी, खिडकीला पडदा, आणि बाहेर खुर्च्या टाकून साहेब-मडम चहा पितायत. "विलायतेत लोक घर मोटारीला बांधून हिंडतात," अप्पा म्हणाले. "आपल्याला अख्खं घर नको. एक खोली पुरे. पण खोली मोटारीला साजेशी हवी. मोटार आधी, खोली नंतर."

सुताराला अंगणात बोलावलं गेलं. त्यानं चित्र उलटसुलट करून बघितलं. "अप्पानू, भिंती चिऱ्याच्या घेऊया काय?" त्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं. अप्पांना थट्टा कळायची नाही. चिरा का चालणार नाही, हे त्यांनी त्याला दुपारपर्यंत समजावून दिलं.

फळी न् फळी बंदरावरच्या वखारीत जाऊन काट्यावर चढून आली. सागवान जड म्हणून नापास झालं. भिंती कापडाच्या, वर हलक्या लाकडाचा सांगाडा, छपराला डांबर लावलेलं किंतान, म्हणजे जाडंभरडं तागाचं कापड. काकूंचा तांब्या, पेला, पिकदाणी सगळं काट्यावर गेलं आणि पितळेऐवजी अॅल्युमिनियमचं आलं. काकूंना प्रवासात देव हवे होते. त्यावर नवराबायकोत मोठं बोलणं झालं आणि शेवटी एका अन्नपूर्णेला परवानगी मिळाली, ती आतून पोकळ होती म्हणून.

बिछान्याबाबत अप्पांना वाटलं, झोपाळ्यासारखा टांगावा, म्हणजे धक्का लागणार नाही. याची चाचणी करायला काकूंच्या वजनाचा माणूस हवा होता. मला हाक आली. मला त्या टांगत्या खाटेवर निजवून, अंगावर पांघरूण घालून अप्पांनी मोटार भाट्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला लावली. पहिल्या वळणालाच खाट एका भिंतीवर जाऊन आदळली, दुसऱ्या वळणाला दुसऱ्या. मी ओरडत होतो, पण पुढं मोटारीच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? खिडकीतून मच्छीवाल्यांना मी दिसलो मात्र. पांघरूण घेतलेला, पांढराफटक, डोळे मिटलेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की मास्तरांना कुठल्यातरी इस्पितळात नेलं आणि त्यांचं काही खरं नाही. आमचे हेडमास्तर मोसंबी घेऊन आले. वर्गातली दोन पोरंही आली होती. उद्या शाळेला सुट्टी आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी उठून बसलेला बघून त्यांची तोंडं उतरली.

टांगती खाट गेली. बिछाना खालच्या फळीला घट्ट बसला, बरोबर चाकांच्या वर, खाली काथ्याची जाड गादी. अप्पा सगळी मांडामांड झाली की खोलीचा पुढचा दांडा, जो मोटारीला अडकवायचा, तो हातानं उचलून बघत. दांडा अगदी सहज उचलला गेला की म्हणत, "मागं भार आहे." मग सामान पुढं सरके. कमरेत वाकून, दात खाऊन उचलावा लागला की त्यांना समाधान वाटे. "थोडा भार पुढं हवा, म्हणजे खोली मोटारीच्या आज्ञेत राहते. आणि मोटार नेहमी खोलीपेक्षा जड. बस्स, एवढंच शास्त्र आहे. लोक उगाच घाबरतात."

घाबरत तेच होते. चैत्रभर त्यांनी खोलीत वाळूची पोती घालून मोटार चढउतारावर नेली आणली. आणि त्याच महिन्यात माझ्या खोलीत घावन, मोदक, तूपभाताची ताटं येऊ लागली. स्वयंपाकाची बाई रोज "अजून घ्या" म्हणून उभी. मला फार भरून आलं. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला कोणी इतकं जपावं! वैशाख लागल्यावर अप्पांनी मला पुन्हा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खूश होऊन म्हणाले, "छान. मोटारीत मागच्या सीटवर तुम्ही. मोटारीचं वजन थोडं कमी पडत होतं." मास्तर माणसाला लोक सोबतीला नेतात, वाटेत गप्पा माराव्यात म्हणून नेतात. अप्पांनी मला वजन म्हणून नेलं. चढाला मोटार थांबली तर उतरून चाकांमागं दगड लावायचा, एवढं एक जास्तीचं काम होतं.

जातानाचा प्रवास काही सांगण्यासारखा झाला नाही, आणि अप्पांना तसाच हवा होता. माणूस रमतगमत सायकल चालवील त्याहून थोड्या जास्त वेगानं आम्ही गेलो. सावर्ड्याला गाव रस्त्यावर आलं होतं. काकूंना बिछान्यासकट मांडवात नेलं. भिक्षावळीच्या वेळी बटू झोळी घेऊन आत्यापाशी आला. खाली वाकला. काकूंनी पडल्या पडल्या त्याच्या झोळीत तांदूळ घातले आणि त्याच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. मांडवातल्या बायका डोळे पुसत होत्या. अप्पा एका खांबाआड उभे होते. मी त्यांच्याकडे गेलो तर मला म्हणाले, "खांब पोकळ आहे. मांडवाचा भार चुकीच्या बाजूला आलाय." पण आवाज नेहमीचा नव्हता.

आता सावर्ड्याच्या माणसांची चूक सांगतो, आणि ती चूक दुसऱ्या कोणाकडून झाली नसती. माहेरवाशीण इतक्या वर्षांनी आली, ती रिकाम्या हातानं कशी जाईल? पण दादांना अप्पांचं वजनाचं वेड ठाऊक होतं. त्यांना सांगितलं तर ते एक नारळ नेऊ देणार नाहीत. म्हणून निघायच्या सकाळी अप्पांना ओसरीवर गावच्या वडीलधाऱ्यांत पानसुपारीला बसवून ठेवलं आणि तोवर घरातल्या बायकांनी खोलीचं मागचं दार उघडून फणस, नारळ, तांदळाची गाठोडी, पोहे, कुळीथ, आमसुलं, आंबोशी, जे मायेनं देता येतं ते सगळं दाराशी रचलं आणि वर एक लुगडं घालून झाकलं. काकूंना हे दिसत होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. माहेरचं कोणी आपल्यासाठी एवढी धावपळ करतंय, हे त्या डोळे भरून बघत होत्या. अप्पा घाईघाईनं आले. दांडा आदल्या संध्याकाळीच उचलून बघून, अडकवून ठेवला होता. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि मोटार चालू केली.

संगमेश्वराच्या अलीकडच्या उतारावर मला मागं काहीतरी वेगळं वाटलं. वळून बघितलं तर खोलीचं शेपूट डावीकडे गेलं होतं. मग उजवीकडे आलं. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त. आणि त्याबरोबर आमच्या मोटारीचं बूडही हलायला लागलं.

"अप्पा!"

"कळलं," अप्पा म्हणाले. चाक त्यांनी दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं होतं. "ब्रेक लावायचा नाही. ब्रेक लावायचा नाही." ते स्वतःलाच सांगत होते. एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला खोल उतार होता, आणि मागच्या खोलीत काकू होत्या. अप्पांनी वेग नुसता सोडला, इतका हळू, की मला वाटलं ते काहीच करत नाहीत. खोलीनं आणखी दोनतीनदा आम्हाला झोके दिले. मग तिचा जोर ओसरला, आणि रस्ता जिथं थोडा सपाट होतो तिथं आम्ही थांबलो. अप्पा चाकावरचे हात काढेनात.

खोलीचं मागचं दार उघडलं तसा एक फणस बाहेर पडला आणि रस्त्यावरून गडगडत गेला.

अप्पांनी लुगडं उचललं. खाली काय आहे ते बघितलं. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. एकेक वस्तू काढून ते रस्त्याच्या कडेला ठेवू लागले. फणस, नारळ, गाठोडी. कडेला छोटा ढीग झाला.

"हे काय करताय?" आतून काकूंनी विचारलं.

"दादाला बुद्धी नाही. तू मेली असतीस आत्ता."

"मेल्ये का पण?" काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून, "दादानं दिलंय ते. वहिनींनी पहाटे उठून बांधलंय. रस्त्यात टाकायचं असेल तर मलाही त्याच्याजवळ उतरवून ठेवा आणि जा तुम्ही तुमची रिकामी खोली घेऊन."

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. तसं बोलल्या असत्या तर अप्पांनी वाद घातला असता. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. त्यांनी ढिगाकडे बघितलं. बायकोकडे बघितलं. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांचे डोळे बारीक झाले. मला त्या क्षणी सगळं कळून चुकलं.

"मास्तर," ते म्हणाले, "हे सगळं मोटारीत घेतलं तर चालेल. मोटार जड झालेली चांगलीच. पण मोटारीच्या स्प्रिंगा तुम्हाला आणि फणसांना दोघांना झेपणार नाहीत."

"म्हणजे मी उतरू?"

"फणसाचं वजन एका जागी राहतं," अप्पा समजुतीच्या स्वरात म्हणाले. "तुम्ही वळणाला सरकता."

"निवळीच्या चढाला चाकांमागं दगड कोण लावील?"

"दगड लागणार नाही असं चालवीन."

माझ्या सीटवर फणस बसले, पायाशी नारळ, मांडीच्या जागी तांदूळ. गडगडत गेलेला फणस मीच धावत जाऊन आणून दिला. मग अप्पांनी दांडा सोडवून हातानं उचलून बघितला, दात खाल्ले, मान हलवली आणि पुन्हा अडकवला. काकूंनी खिडकीचा पडदा बाजूला करून मला म्हटलं, "मास्तर, माझ्या माहेरानं तुम्हाला रस्त्यावर आणलं हो." आणि हसल्या. पाठीची कळ तोंडावर नव्हती. महिनाभर खाऊन वाढवलेलं वजन घेऊन मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि ती मोटार आणि ती खोली उतारावरून शहाण्यासारखी, मुळीच न डोलता खाली जाताना बघत राहिलो. मला हसू येत होतं.

मागाहून येणारी सर्व्हिस मोटार मिळायला बराच वेळ गेला, ती वाटेत बिघडलीही. रत्नागिरीला पोचेपर्यंत उन्हं पार कलली होती. निवळीचा चढ चढताना मी दरीकडे बघत नव्हतो. बघायची छाती नव्हती. अंगणात मोटार दिसली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण मोटार खोलीला अजून तशीच जोडलेली होती. खोलीचं दार बंद. फणस मोटारीतच. आणि अप्पा खोलीच्या सावलीत जमिनीवर बसलेले, डोक्याला पागोटं नाही, तोंड धुळीनं माखलेलं.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"झोपलीय," ते अगदी हळू म्हणाले. "दुपारी पोचलो. दार उघडलं तर ही गाढ झोपलेली. दांडा सोडवावा तर खोलीला हिसका बसेल. म्हणून काही हलवलं नाही."

"तुम्ही जेवलात?"

त्यांनी हातानं मला गप्प केलं. आतून श्वासाचा आवाज येत होता, संथ. वर्षानुवर्षांत त्या घरात तो कोणी ऐकला नव्हता. आजूबाजूची पोरं ओरडत होती, त्यांना अप्पांनी खडे दाखवून पिटाळलं. स्वयंपाकाची बाई भांडी वाजवू नये म्हणून परसात जाऊन बसली होती. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर टेकलो. इतका दमलेला माणूस मी पाहिला नव्हता आणि इतका सुखीही पाहिला नव्हता.

दिवे लागायच्या सुमाराला आत हालचाल झाली. पडदा थोडा सरकला.

"काय हो," काकूंचा झोपेतला आवाज आला, "किती वेळ थांबलोय इथं? संगमेश्वर अजून आलं नाही का?"

अप्पांनी पडद्याकडे बघितलं. ते हसत होते, आणि गालांवरच्या धुळीतून पाणी ओघळत होतं.

"आलं," ते म्हणाले. "तू नीज."